दात खाणारी सून

गोजरबाईला नव्या सुनेला नाव ठेवायला जागा सापडत नव्हती. राही भिंगारची, छावणीच्या गावात वाढलेली. बाप रंगनाथ लष्कराच्या डेपोत कामाला. असल्या पोरीला शेणगोठा जमायचा नाही, असं गोजरबाईनं लग्नाआधीच चार जणींना सांगून ठेवलं होतं. पण राही आली ती पदर खोचूनच आली. वैशाखात लग्न झालं आणि सुगी येईतो गोठ्यातली मारकी म्हैससुद्धा तिच्या हाताला पान्हवू लागली. बोलायची बेतानं, खायची पोटभर, आणि दिवस उगवायच्या आत उठलेली असायची. चार जणी विचारायला लागल्या, तेव्हा गोजरबाई नुसतं "बरी हाय" म्हणायची आणि विषय बदलायची.

पोरगी पसंत केली होती सासऱ्यानं, गहिनीनाथानं. गहिनीनाथ घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातला जुना दलाल. बैलाचा ओठ वर करून नुसती नजर टाकली की वय सांगायचा. गोऱ्हा अजून दुधाच्या दातांवर आहे, की दोन दात आलेत, की चार, की तोंड पुरतं जुळलंय, यात त्याची कधी चूक झाली नाही. कुणी कानशीनं दात घासून म्हाताऱ्या बैलाला तरणा करून आणला, तर गहिनीनाथ त्याच्याकडे बघून नुसता हसायचा आणि तो गुमान कासरा सोडून दुसऱ्या झाडाखाली जाऊन बसायचा. आपल्या डोळ्यांना कुणी फसवू शकत नाही, हा त्याचा एकच गर्व होता. बाकी माणूस साधा.

मार्गशीर्षातली गोष्ट. राही पाण्याला गेलेली, तिचा नवरा बन्सी कारखान्यावर उसाची गाडी घेऊन गेलेला. गोजरबाईच्या पायात काटा मोडला, म्हणून ती पिन शोधायला सुनेच्या खोलीत शिरली. कोनाड्यात आरशामागं स्नोची पांढरी काचेची बाटली होती. पिना असतील म्हणून झाकण फिरवलं, तर आत पाणी, आणि पाण्यात घोड्याच्या नालेसारखं काहीतरी. तिनं ते दोन बोटांनी वर काढलं. काचेसारखं आरपार दिसणारं, पण हलकं. आणि त्याला ओळीनं खळगे, दातांच्या मापाचे.

गावात कवळी एकट्या निवृत्त हेडमास्तरांना होती, आणि ते ती रात्री पाण्यात काढून ठेवतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गोजरबाईच्या पायातला काटा पायातच राहिला.

संध्याकाळी गहिनीनाथ टेकतो न टेकतो तोच ती त्याच्याजवळ येऊन बसली.

"फसलो आपण," ती म्हणाली. "सुनंच्या तोंडात कवळी हाय."

"काय बोलतीस?"

"ह्या डोळ्यांनी बघितली. बाटलीत बुडवून ठिवलीय."

"दात हुते का तिला?"

"दात न्हवतं. खळगं हुतं."

"मग कवळी कशी?"

"दात तिच्या तोंडात असतील. ह्ये खालचं, पायाचं असंल. मला काय ठावं कशी बसवत्यात ते! लई भारी काम दिसतंय, भिंगारला लष्कराचं डागदर असत्यात."

बैल असता तर एव्हाना गहिनीनाथानं ओठ वर केला असता. पण सून सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हती, जेवायला वाढतानाही तोंड अर्धं वळवून वाढायची. तिच्या तोंडात डोकवायचं कसं? आणि तिला विचारायचं तर कुठल्या तोंडानं?

मग गोजरबाईनंच युक्ती काढली. दुसऱ्या दिवशी तिनं सुनेला भाजलेले हरभरे दिले. राहीनं दळणाच्या नादात मूठभर कटाकटा खाऊन टाकले. तिसऱ्या दिवशी उसाचं कांडकं दिलं, तेही पेरासकट. राहीनं दातानं सोलून चोथा करून टाकला. सुक्या खोबऱ्याची वाटी दिली, ती तिनं दाढेखाली फोडली आणि अर्धी सासूला दिली. गोजरबाईच्या स्वतःच्या तोंडात मिशरीनं काळे पडलेले चारदोन खुंट तेवढे उरलेले. तिनं ते खोबरं पदराला बांधलं.

"लई मजबूत कवळी हाय," ती रात्री नवऱ्याला म्हणाली.

शेवटी गहिनीनाथानं बाजाराला आलेल्या एका भिंगारच्या माणसाबरोबर व्याह्याला निरोप धाडला, जरा येऊन जा. रंगनाथ रविवारी एसटीनं आला. हातात बर्फीचा पुडा, डोक्यावर इस्त्रीची टोपी. त्याला वाटलं होतं, गोड बातमी असेल. ओसरीवर बसल्या बसल्या गहिनीनाथानं बाटली त्याच्यापुढं ठेवली, आणि रंगनाथाचा चेहरा उतरला.

"ही कवळी नाही," तो म्हणाला. "पोरीचे दात सगळे तिचे आहेत."

"मग ह्ये काय?"

रंगनाथानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "ती झोपेत दात खाते. लहानपणापासून. आधी वाटलं जंत असतील, औषधं झाली. मग दाढा झिजायला लागल्या, सकाळी तोंड उघडेना. नगरला एक डॉक्टरीणबाई आहेत दाताच्या, त्यांनी माप घेऊन ही पट्टी करून दिली. झोपताना वरच्या दातांवर बसवायची. दातावर दात घासत नाहीत."

"लग्नात बोलला न्हाईत."

"केडगावच्या एका घरी जमलं होतं तिचं. सुपारी फुटली होती. नात्यातल्या एका लग्नाला तिथल्या बायका तिच्या शेजारी झोपल्या, त्यांनी ऐकलं, आणि आठ दिवसांत निरोप आला, सोयरीक मोडली म्हणून." रंगनाथाचा आवाज खाली आला. "दुसऱ्यांदा सांगायची हिंमत झाली नाही."

कवळी परवडली असती, असं गोजरबाईला त्या क्षणी वाटलं. कवळीचं नुसतं हसू झालं असतं. पण तिच्या माहेरी चुलता झोपेत दात खायचा. त्याच्या हयातीत दावणीची जनावरं रोगानं गेली, भावाभावांत वाटण्या झाल्या, विहीर आटली. दात खाणारं माणूस घर खातं, हे आजीच्या तोंडून तिनं इतक्यांदा ऐकलं होतं की ते तिला ऊनपावसासारखं खरं वाटायचं.

"अगं बाई," ती म्हणाली. "आता काय करायचं?"

गहिनीनाथाला मात्र दुसरंच लागलं होतं. "खोड सांगून सौदा करायचा असतोय, रंगनाथराव," तो म्हणाला. "बाजारात सुदिक आमी मारका बैल मारका म्हनूनच इकतो. लपवलं की सौदा फिरतो."

राही चहा घेऊन दारात उभी होती. तिनं कपबशा खाली ठेवल्या, एकही हिंदकळू दिली नाही. पदर होता तसाच होता.

"मला खुंट्याला बांधून दाखवलं नव्हतं, मामा," ती म्हणाली.

एवढं बोलून ती आत गेली. गहिनीनाथानं कप उचलला आणि तसाच धरून बसला. रंगनाथ मान खाली घालून टोपीची घडी नीट करत राहिला.

बन्सी इतका वेळ ओसरीच्या कडेला जुवाची दोरी वळत बसला होता. त्यानं मान वर न करता सांगितलं, "मला पयल्यापासनं ठावं हाय. तिनंच सांगितलं."

"आन् तू बोलला न्हाईस?" गोजरबाई ओरडली.

"इचारलं कुनी?"

रंगनाथ जेवायला थांबला नाही. निघताना त्यानं लेकीला हाक मारली, तिनं बाहेर येऊन नमस्कार केला. बर्फीचा पुडा ओसरीवर तसाच राहिला, तो मग म्हशीच्या वैरणीसाठी आलेल्या गड्यांनी खाल्ला.

सौदा फिरवायची भाषा गहिनीनाथानं पुन्हा काढली नाही. सुनेचं वाक्य त्याला लागलं होतं, आणि लागलेलं तो बोलून दाखवणाऱ्यातला नव्हता. पण गोजरबाईला वाटायचं, वाईट आहे ते या पट्टीतच आहे. तोंडात परक्या हाताचं काहीतरी घालून झोपायचं, मुडद्याच्या तोंडात तुळशीपत्र घालतात तसं, मग घराला अवकळा येणार नाही तर काय? एक दिवस राही रानात गेलेली बघून तिनं बाटली उघडली आणि पट्टी चुलीत घातली. ती लाकडासारखी जळली नाही. आधी वाकली, मग फसफसली, आणि असा उग्र वास सुटला की गोजरबाईला तोंडाला पदर लावून बाहेर पळावं लागलं.

राही परतली तेव्हा घरात वास कोंडलेला होता. ती चुलीपाशी गेली, राखेकडं बघून उभी राहिली, आणि मग कोनाड्यातली रिकामी बाटली विसळून पालथी घातली.

"आता देवाचं नाव घिऊन झोपायचं," गोजरबाई म्हणाली. "वावडिंगाचा काढा देते. जातंय आपुआप."

"बरं, आत्याबाई."

काढा राहीनं घेतला. कपाळाला अंगारा लावून घेतला, उशाखाली विळा ठेवू दिला. बन्सीनं आईला फक्त एवढंच सांगितलं, "आता ऐक तू."

दोन खोल्यांच्या मधली भिंत कच्च्या विटांची होती. गोजरबाईला ते पहिल्यांदा ऐकू आलं तेव्हा तिला वाटलं, कुणीतरी अंधारात जातं ओढतंय आणि जात्यात दाणाच नाही, नुसता दगडावर दगड. ती उठून बसली, देवाचं नाव घेतलं, चुलत्याचा चेहरा आठवला. पुढं मात्र ते रोजचं झालं, आणि भीतीचीही सवय होते तशी ती झाली. ऐकता ऐकता तिच्या मनात एक वेगळाच विचार यायला लागला. दिवसभर ही पोर राबते, पाठ टेकली की बाईमाणसाला तेवढाच विसावा. आणि ही झोपेतही कसलंतरी दळण दळतेय. कुणाचं दळतेय, ते गोजरबाईला नीट सांगता आलं नसतं.

सकाळी राही कानशिलं दाबत उठायची. भाकरीचा पहिला घास तोंडात घेताना तिचा जबडा कट्कन वाजायचा. कामात खंड नव्हता, तक्रार नव्हती. गोजरबाईला वाटायचं, हिनं एकदा भांडावं, चार शब्द बोलून मोकळं व्हावं.

पौष सरता सरता एक दिवस जेवताना राही ताटावरून उठली. परसात जाऊन थुंकली, तर दाढेचा टवका हातात आला. दुसऱ्या दिवशी ठणका, तिसऱ्या दिवशी गाल सुजून डोळा बारीक झाला. गोजरबाईनं लवंगेचं तेल लावलं, हळदीचा लेप दिला, मिठाच्या गुळण्या करायला लावल्या. मग ताप चढला.

बन्सी कारखान्यावर नंबर लावून अडकलेला. गहिनीनाथ दारात आला, आणि सुनेच्या समोर प्रथमच सरळ उभा राहून बायकोला म्हणाला, "नगरला ने तिला. आत्ताच्या गाडीनं."

"मी?"

"मग कोन? पट्टी कुनी जाळली?"

गोजरबाईला नगर नवं नव्हतं, पण ती आजवर तिथं देवाला नाहीतर कापडाला गेली होती. दवाखाना एका अरुंद बोळात, माडीवर होता. डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, पातळावर पांढरा कोट घातलेल्या. त्यांनी राहीला ओळखलं. खुर्चीत बसवून, दिवा ओढून तोंडात बघितलं आणि कपाळाला आठी घातली.

"दाढ उभी चिरलीय. खाली पू आहे. ही ठेवता येणार नाही." मग विचारलं, "पट्टी वापरत नव्हतीस?"

राहीनं तोंडातला कापूस गालाकडं सरकवला. "हरवली," ती म्हणाली.

गोजरबाई दाराशी जमिनीवर बसली होती. खुर्ची दिली तरी ती बसली नव्हती. पोरगी आपल्याला झाकतेय हे तिच्या ध्यानात यायला क्षणभर लागला, आणि ध्यानात आल्यावर तिला ते आवडलं नाही. या वयात कुणाच्या उपकारात राहायची तिला सवय नव्हती.

"हरवली न्हाई," ती म्हणाली. "म्या चुलीत घातली."

डॉक्टरीणबाई तिच्याकडं वळल्या. "का?"

"तुमी शिकलेल्या. तुमीच सांगा. दात खानारी सून घराला बाधती म्हनत्यात. खरं का खोटं?"

"घराचं मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "तिच्या दातांना बाधलं, एवढं दिसतंय."

"मग त्या पट्टीनं दात खायचं थांबतंय का?"

"नाही. थांबत नाही. माणूस झोपेत जेवतानापेक्षा जास्त जोर लावतो. तो जोर पट्टीवर जातो. झिजायची ती पट्टी झिजते, दात वाचतात. बस, एवढंच तिचं काम."

"पर खातंय कशापायी मानूस दात?"

"पक्कं कुणालाच ठाऊक नाही. काहींचं उपजतच असतं. मनाला घोर लागला की वाढतं, एवढं आम्ही बघतो."

दाढ काढताना गोजरबाईला बाहेर थांबायला सांगितलं. ती जिन्यात जाऊन बसली. आतनं राहीचा आवाज एकदाच आला, तोही दाबलेला, आणि नंतर हत्यारं पितळी ताटलीत ठेवल्याचा. बाई दार उघडून म्हणाल्या, "झालं. या." ताटलीत दाढ पडली होती. मुळं लांब, रक्ताळलेली. आणि माथा मात्र घासून सपाट झालेला, मध्ये चीर. गोजरबाई वाकून बघत राहिली. तिचे स्वतःचे दात एकेक करून गेले, त्यांचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. पण ते तिच्या वयात गेले होते. ही पोर पुरती विशीचीही नव्हती.

"जखम भरली की परत आणा," बाई म्हणाल्या. "नवीन माप घेऊ."

"आनते."

"आणि ती चुलीत घालायची नाही."

"न्हाई घालनार," गोजरबाई म्हणाली, आणि पोरीसारखी तिची मान खाली गेली.

परतीच्या गाडीत खिडकीशी राही, शेजारी गोजरबाई. राहीच्या तोंडात कापसाचा बोळा, तिला बोलता येत नव्हतं, आणि गोजरबाईला गप्प बसवत नव्हतं. तिनं चुलत्याची गोष्ट सांगितली, दावणीच्या जनावरांची, आटलेल्या विहिरीची. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की त्या वर्षी रोग साऱ्या गावात आला होता, आणि जनावरं शेजाऱ्यांचीही मेली होती. हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. फक्त तिनं ते कधी एकाला एक जोडून बघितलं नव्हतं. तेही तिनं सांगितलं. राही बाहेर बघत होती. ऐकत होती की नाही, कळलं नाही. इमामपूरच्या घाटात गाडी वळली तेव्हा तिचं डोकं सासूच्या खांद्याला टेकलं, पण ते झोपेनं.

नवी पट्टी झाली. ती आणायलाही गोजरबाईच गेली. राहीनं ती जुन्याच बाटलीत ठेवली. त्यानंतर दोघींचं नीट चाललं, म्हणजे कामं वाटून घेतली, सणवार झाले, एकमेकींच्या दुखण्याखुपण्याला उठल्या. राहीनं चुलीची गोष्ट कधी उगाळली नाही. विसरलीही नाही. काही द्यायचं असलं की आत्याबाईंच्या हातात न देता समोर ठेवायची, ती सवय तिला बरेच महिने राहिली. गोजरबाईला ते कळायचं, आणि तीही ठेवलेली वस्तू मुकाट उचलायची.

पुढच्या साली पाऊस आलाच नाही. त्याच्याही पुढं गावाशेजारच्या रस्त्यावर खडी फोडायचं सरकारी काम निघालं, आणि घोडेगावच्या बाया घमेली घेऊन उन्हात उभ्या राहिल्या. गहिनीनाथाचा बाजार बसला होता; बैल विकायला सगळे, घ्यायला कुणी नाही. त्याच्या घरच्या दोघीही कामावर होत्या. दुपारी सरकारनं वाटलेला सुकडीचा चुरा खायला बाभळीखाली बसल्यावर बोलणी निघायची, कुणामुळं हे दिवस आले याची. एक दिवस मालनबाई म्हणून गावातलीच एक, राहीकडं बघत मोठ्यानं म्हणाली, "दात खानारं मानूस आलं की असंच व्हतंय. घर खातंय, गाव खातंय."

पट्टीची बातमी गावात कशी फुटली होती कोण जाणे. कदाचित बर्फी खाणाऱ्या गड्यांकडून. सगळ्या गोजरबाईकडं बघायला लागल्या.

गोजरबाईनं हातावरची सुकडी झटकली. "मालन," ती म्हणाली, "नगर, बीड, सोलापूर, सगळीकडं खडी फोडत्यात मानसं. माझ्या एका सुनंनं एवढ्या मुलखाचा पाऊस खाल्ला व्हय? एवढं खाऊन ती अशी वाळकी कशी राह्यली मग? आन् खायचं म्हनलं तरी तिला एक दाढ कमी हाय. ती म्या खाल्लीय."

बाया हसल्या. मालनबाईही नाइलाजानं हसली. राही हसली नाही. तिनं पाण्याचा घोट घेतला, डोक्यावरची चुंबळ नीट केली आणि भरलेल्या घमेल्याशी जाऊन उभी राहिली.

"आत्याबाई," तिनं हाक मारली, "जरा हात लावा."

गोजरबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. दोघींनी दोन बाजूंनी घमेलं उचललं, राहीनं ते डोक्यावर घेतलं, आणि दोघी उन्हातून रस्त्याकडं चालू लागल्या.